मन्मथआप्पांचा खोडवा

आमच्या शेजारचे मन्मथआप्पा बिराजदार पिक्चर बघतात तो फक्त इंटरव्हलपर्यंत. हॉलमधले दिवे लागले, लोक समोशांकडे धावले, की आप्पा उठतात, शर्ट खाली ओढतात, खिशातला मोबाईल चाचपतात आणि सरळ घरचा रस्ता धरतात. हिरोच्या छातीवर बंदूक टेकवलेली असो की हिरॉईन गच्चीच्या कठड्याला लोंबकळत असो, आप्पांना त्याचं सोयरसुतक नसतं. "आपला अर्धा झाला," एवढंच म्हणतात.

गल्लीत याचे बरेच अर्थ लावून झाले होते. माझ्या बायकोच्या मते त्यांना फार वेळ बसवत नसावं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या मते हा निव्वळ शिष्टपणा होता. मी लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. हिंदी पिक्चरमधल्या हवेत उडणाऱ्या जीपा माझ्या तब्येतीला मानवत नाहीत, त्यामुळे अर्ध्यातून उठणाऱ्या माणसाबद्दल मला आधीपासूनच आदर होता. मला वाटायचं, हा माणूस रसिक आहे.

आप्पांचं गंजगोलाईच्या बाजारामागे बी-बियाण्याचं दुकान आहे. आता ते त्यांचा मुलगा बसवराज चालवतो आणि आप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून, कोणी न विचारलेला सल्ला देतात. मुरुडहून, निलंग्याहून सोयाबीनचं बी न्यायला आलेला शेतकरी जाताना पिशवीबरोबर ताज्या पिक्चरचं परीक्षणही घेऊन जातो. त्यातही आप्पांचा खास विषय म्हणजे जुन्या गाजलेल्या मारधाडीच्या विनोदी पिक्चरचे फार उशिरा आलेले दुसरे भाग. असला पिक्चर लागला की पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला आप्पा हजर. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून ते निकाल देत. निकाल कायम एकच असायचा.

"बाद!"

आमच्याकडे नाणं बाद होतं, बियाणं बाद होतं, तसा आप्पांचा पिक्चर बाद होतो. त्यावर अपील नाही.

एकदा मी विचारलं, "आप्पा, तुमचा या दुसऱ्या भागांवर एवढा राग का?"

"राग कामून असंल, सर? शास्त्र हाय ते," आप्पा म्हणाले. "ऊस लावला, तोडला. त्याच्या बुडख्यातनं परत फुटतो, त्याला म्हनायचं खोडवा. एक खोडवा घ्यायला हरकत न्हाई. बेणं लागत न्हाई, मशागत कमी, माल बरा येतो. त्याच्या पुढचा निडवा. तो घेनारा मानूस आळशी. पन रान मोडून तीस वर्सं झाली, तिथं प्लॉट पडले, बंगले झाले, अन् आता एखादा यिऊन म्हनला की हितं माझा खोडवा फुटलाय, तर त्याला काय म्हनायचं?"

"काय म्हणायचं?"

"प्रोड्यूसर."

आप्पांचं निरीक्षण मात्र बारीक होतं. पहिल्या भागात हिरोचे केस काळे असतात, दुसऱ्यात ते जास्त काळे होतात. पहिल्या भागात हिरो भिंतीवरून उडी मारतो, दुसऱ्यात हिरो उभाच असतो आणि भिंत बाजूला सरकते. पहिल्या भागात जो व्हिलन मेला, त्याला जुळा भाऊ होता हे सगळ्यांना एकदम आठवतं. हिरोची आई भिंतीवर हारात गेलेली असते. हिरोला परदेशात शिकलेला एक मुलगा असतो. मारामारी मुलगा करतो आणि शेवटचं वाक्य बाप बोलतो. मधेच जुनं गाणं नवे ढोल लावून वाजवतात, म्हणजे प्रेक्षकांना आपण तरुणपणी किती सुखी होतो ते आठवावं आणि त्यांनी रागावून उठून जाऊ नये.

"एवढं माहीत आहे तर मग तुम्ही जाता कशाला?" मी विचारलं.

"पंचनामा कराय कोनीतरी जायलाच पायजे की," आप्पा म्हणाले, आणि मोबाईल घेऊन गच्चीवर गेले.

हे गच्चीवर जाणंही ठरलेलं होतं. पिक्चरच्या दिवशी ओट्यावर निकाल देऊन झाला की आप्पा गच्चीवर जाऊन तासभर कुणाशी तरी बोलत. वरून त्यांचं हसणं ऐकू यायचं. मी समजायचो, भाव विचारत असतील. तुरीचा भाव ऐकून एवढं हसणारा माणूस मी पाहिला नव्हता, पण मी खोलात गेलो नाही.

सगळे दुसरे भाग बाद असले तरी आप्पांचा एक पहिला भाग मात्र अमर होता. त्याचं नाव 'दो हवालदार, एक जीप'. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत हा पिक्चर नांदेडला आला होता. एक हवालदार लुकडा, एक जाडा, आणि दोघांत एक सरकारी जीप जिचं दार तारेनं बांधलेलं. या पिक्चरचा शेवट मी आप्पांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे की परीक्षेत आला तर पैकीच्या पैकी मिळवीन. लुकडा हवालदार रेल्वेच्या पुलावरून जीप उलटी, म्हणजे रिव्हर्समध्ये पळवतो. जाडा हवालदार बॉनेटवर उभा राहून व्हिलनच्या गोळ्या भाकरीच्या तव्यानं अडवतो. पूल संपता संपता जीप नदीत पडते, तेव्हा जाडा तिचं दार उपटतो, त्याची होडी करतो आणि व्हिलनला त्याच होडीत बसवून ठाण्यात नेतो.

"आप्पा, तव्यानं बंदुकीची गोळी अडत नाही," मी एकदा राहवलं नाही म्हणून म्हणालो. "आणि लोखंडी दार पाण्यावर तरंगत नाही."

"प्रल्हादनं सोताच्या डोळ्यानं बघितलंय," आप्पा कडाडले. "तुमचं फिजिक्स गेलं हुतं का बघायला?"

प्रल्हाद कोण, हे मी त्या वेळी विचारायला हवं होतं. पण मी दाराची घनता समजावून सांगण्यात गुंतलो होतो.

मग यंदा ती बातमी आली. तीस-पस्तीस वर्षांनी तेच दोन नट, तोच पिक्चर, भाग दुसरा. नाव 'दो हवालदार, फिर वही जीप'. मोबाईलवर त्याची जाहिरात बघून मी हरखलो. दोन्ही हवालदार एव्हाना सरकारी नियमानं केव्हाच निवृत्त व्हायला हवे होते. लुकड्याचा जाडा झाला होता आणि जाड्याचा आणखी जाडा. त्यामुळे कोण कोणता हे कळावं म्हणून एकाला मिशा लावल्या होत्या. मी धावत आप्पांकडे गेलो. पंचनाम्याची अशी संधी त्यांना आयुष्यात पुन्हा येणार नव्हती.

आप्पांनी जाहिरात बघितली. मोबाईल मला परत दिला.

"बाद," म्हणाले.

"अहो, अजून लागला नाही! शुक्रवारी आहे."

"लागायच्या आधीच बाद. मी जानार न्हाई."

शुक्रवार आला, गेला. आप्पा दुकानातून हललेच नाहीत. आता माझ्या लक्षात आलं की या वर्षात ते एकाही पिक्चरला गेले नव्हते. गच्चीवरचं हसणंही बंद होतं. शनिवारी मी जरा जास्तच चेष्टा केली. म्हणालो, "आप्पा, तवा चोरीला गेला की काय पिक्चरमधला?" आप्पा उठून आत निघून गेले. त्यांच्या मागून काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"सर, त्यांना या पिक्चरवरनं बोलू नका," काकू म्हणाल्या. "प्रल्हाद भावजींचे डोळे गेले."

मग काकूंनी जे सांगितलं त्यातून माझ्या रसिकतेच्या सिद्धांताचे बारा वाजले. आप्पा आणि प्रल्हाद सोनकांबळे नांदेडला एकाच वसतिगृहात, एकाच खोलीत राहिले. दोघांकडून मिळून एकाच तिकिटाची सोय व्हायची. त्या वेळी थिएटरात इंटरव्हलला बाहेर जायचं तर दारावरचा माणूस हातात पुठ्ठ्याचा एक पास ठेवायचा. तो दाखवला की परत आत. या दोघांनी त्या पुठ्ठ्याचा पुरेपूर फायदा उठवला. अर्धा पिक्चर एकानं बघायचा, इंटरव्हलला बाहेर येऊन पास दुसऱ्याला द्यायचा, उरलेला अर्धा त्यानं बघायचा. दारावरच्याला ओळखू येऊ नये म्हणून पानपट्टीच्या मागे उभं राहून शर्टांची अदलाबदल करायची. मग वसतिगृहाच्या खोलीवर दोघांनी आपापला अर्धा एकमेकांना सांगायचा. 'हवालदार'चा पहिला अर्धा आप्पांचा होता, दुसरा प्रल्हादचा.

पुढे आप्पा लातूरला दुकानात बसले, प्रल्हाद लोह्याला मास्तर झाले, नंतर नांदेडला घर केलं. दोघांकडे पूर्ण तिकिटापुरते पैसे आले. पण मोडायचं कुणालाच सुचलं नाही अशी ती रीत होऊन बसली होती. लातूरला आप्पा इंटरव्हलला उठायचे. नांदेडला प्रल्हाद गुरुजी पूर्ण तिकीट काढून इंटरव्हलनंतर आत शिरायचे. त्यांना सोडायला दारावरच्याची हरकत नसे, कारण असलं गिऱ्हाईक त्यानं कधी पाहिलं नसावं. संध्याकाळी गच्चीवरून फोन. आप्पा सुरुवात सांगायचे, गुरुजी शेवट. एवढी वर्षं टीव्हीवर 'हवालदार' किती वेळा लागला, पण इंटरव्हल झाली की आप्पा टीव्ही बंद करायचे. प्रल्हादनं दाखवलाय की, म्हणायचे.

"दोघांचं एक ठरलं हुतं," काकू म्हणाल्या. "हवालदारचा दुसरा भाग कदी आला, तर दोन तिकिटं काढायची अन् पुरा पिक्चर मांडीला मांडी लावून बघायचा. आता आला, तर भावजींना काचबिंदूनं काहीच दिसत न्हाई. हे तिकडं गेलेच न्हाईत वर्सभर. फोनबी उचलून राहिले न्हाई. म्या म्हनलं, जाऊन या. तर म्हनतात, त्याच्यापुढं बसून काय बोलू?"

मी चहा पिऊन टाकला.

रविवारी सकाळी आप्पांचा फोन ओट्यावर वाजत होता आणि आप्पा त्याच्याकडे, तो विंचू असावा तसे बघत होते. पडद्यावर 'प्रल्हाद' असं नाव होतं. काकूंनी आतून येऊन बटण दाबलं, स्पीकर लावला आणि आप्पांच्या हातात फोन देऊन त्या उभ्याच राहिल्या.

"मन्मथ, लेका, मेलास का जिवंत हायस?" पलीकडून खणखणीत आवाज आला.

"हाय," आप्पा म्हणाले.

"पिक्चर लागलाय इथं. ऐकलास का? आमच्या सुनेनं तिकिटं काढून ठेवलीत उद्या दुपारची. डोळे माझे गेलेत, शब्द नाही गेला. तू यायलास का मी एसटीत बसून तिकडं येऊ?"

आप्पांनी एकदा काकूंकडे बघितलं. मग म्हणाले, "येतो." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सर, गाडी काढा. उद्याचा क्लास बाद."

सोमवारी आम्ही चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठलं. एरवी प्रत्येक खड्ड्याला नाव ठेवणारे आप्पा वाटेत एकदाही बोलले नाहीत. गुरुजी फाटकात काळा चष्मा लावून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार उभे होते. आप्पा गाडीतून उतरले आणि चार पावलांवर थबकले. गुरुजींनी हात पुढे केला, आप्पांचा खांदा चाचपला, मग पोट चाचपलं.

"वाढलंय की रे," म्हणाले. "बियाणं विकतोस का खातोस?"

आप्पा हसले. वर्षभरात मी पहिल्यांदाच ते हसणं ऐकत होतो.

थिएटर आता मॉलमध्ये आहे. तिथं खुर्च्या पलंगासारख्या आणि लाह्यांना मक्याच्या शेताचा भाव. आम्ही तिघं ओळीनं बसलो. गुरुजी मधे, आप्पा डावीकडे, मी उजवीकडे. दिवे गेले आणि पिक्चर सुरू झाला.

मी सांगतो, एवढा भिकार पिक्चर मी जन्मात बघितला नाही. लुकडा हवालदार, जो आता लुकडा नव्हता, एका हॉटेलच्या लिफ्टमधून बाहेर आला. आधी पोट आलं, मग तो. त्याच्या पहिल्या पावलाला स्लो मोशन लावली होती. ती खास इफेक्ट म्हणून लावली की तो चालतोच तसा, हे सांगणं कठीण होतं. मला वाटलं, आता आप्पांच्या तोंडून 'बाद' येणार. मी कान टवकारले.

"आला बघ!" आप्पा गुरुजींच्या कानात कुजबुजले. "कौलावरनं उडी मारून आला."

"पोटबीट सुटलंय का रे?"

"कशाचं पोट! तुराटीवानी हाय. होता तसाच."

मी मान वळवून बघितलं. आप्पांचा चेहरा सरळ पडद्याकडे होता. समोर हिरो दम खात खुर्चीवर बसत होता.

मग आप्पा थांबलेच नाहीत. पडद्यावर दोन म्हातारे दुबईच्या बागेत बसून गोळ्या घेत होते, तेव्हा आप्पांचे दोन हवालदार बाजारातल्या मिरच्यांच्या ढिगातून चोरामागे पळत होते. पडद्यावरची जीप कॉम्प्युटरवर काढलेली आणि चकचकीत होती. आप्पांची जीप चिखलानं भरलेली होती आणि तिच्या दाराला तीच तार होती. गुरुजी मान डोलवत, मधेच टाळी देत. मागच्या रांगेतून कोणी तरी ओरडलं, "ओ काका, कॉमेंट्री बंद करा की!" गुरुजी मागे वळून शांतपणे म्हणाले, "चालू राहू दे बाबा, मला दिसत नाही." त्यानंतर कुणी काही बोललं नाही. उलट थोड्या वेळानं मागची रांगच पुढे झुकून बसली. त्यांनाही आप्पांचा पिक्चर जास्त आवडला असावा.

इंटरव्हल झाली. दिवे लागले आणि आप्पा सवयीनं ताडकन उठले. शर्ट खाली ओढला, मोबाईल चाचपला. गुरुजींनी मान न वळवता हात पसरला.

"दे पास," म्हणाले.

आप्पा त्या रिकाम्या हाताकडे बघत राहिले. मग खाली बसले. आमच्या आप्पांनी इंटरव्हलनंतरचा पिक्चर बघायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

दुसऱ्या अर्ध्यात व्हिलनचा जुळा भाऊ आला, परदेशातला मुलगा आला, नवे ढोल लावलेलं जुनं गाणं आलं. आणि मग अशा पिक्चरमध्ये येतंच ते आलं. दोन्ही हवालदार समुद्राकडे बघत उभे राहिले, जुनं संगीत वाजलं, आणि पडद्यावर पहिल्या भागाचा शेवट दाखवायला लागले. त्याच जुन्या फिक्या रंगात.

मी सरसावून बसलो. एवढी वर्षं ज्याच्यावरून माझ्या फिजिक्सचा उद्धार झाला, तो तवा आता दिसणार होता.

तवा आला नाही. पूलही आला नाही. नदी नव्हती, होडी नव्हती. एक गोदाम होतं, पोत्यांच्या थप्प्या होत्या. जीप बंद पडली होती आणि दोन हवालदार ती ढकलत होते. व्हिलनच्या डोक्यावर वरून एक पोतं पडलं आणि तो आडवा झाला. बस, एवढाच शेवट. मी आप्पांकडे बघितलं. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडत होता आणि ते तोंड उघडं राहिलं होतं.

"हे जुनं संगीत ना?" गुरुजींनी विचारलं. "काय दाखवून राहिलेत?"

आप्पा पडद्याकडेच बघत राहिले.

"मन्मथ?"

"तेच की," आप्पा म्हणाले. "तुझंच. पहिल्या भागाचा शेवट. रेल्वेचा पूल हाय. जीप उलटी पळायली. जाड्या बॉनेटवर उभा हाय, हातात तवा. टण, टण गोळ्या उडायल्यात." जरा थांबले. "आता दार उपटलं. बसला होडीत. लई भारी दिसायलंय, प्रल्हाद."

गुरुजींची टाळी नाही, मान डोलवणं नाही. पिक्चर संपेपर्यंत त्यांनी आप्पांचा हात धरून ठेवला होता.

मॉलच्या बाहेर एका टपरीवर आम्ही चहा घेतला. गुरुजींनी कप दोन्ही हातात धरला होता.

"मन्मथ," ते म्हणाले, "पडद्यावर तवा कुठनं आला रे?"

"म्हंजी? हुताच की पिक्चरमदी. तूच सांगितलास."

"मी सांगितला, कारण मीच घातला होता. पुलबी मीच घातला अन् होडीबी." गुरुजी हसले. "त्या दिवशी मला आत सोडलंच नाही, लेका. आपण शर्ट बदलले, पण चपला बदलायच्या राहिल्या. तुझी कोल्हापुरी, माझी रबरी. दारावरच्यानं पाय बघितले अन् बकोट धरून बाहेर काढलं. तू तर खुशीत वसतिगृहाकडं गेला होतास. मी थिएटरच्या मागं जाऊन भिंतीला कान लावून उभा राहिलो. आत धाड धाड आवाज यायला, लोक हसायले. कशाला हसायले ते काय माहीत? मग जसं ऐकू आलं तसं रचलं. तू इतका खूश झालास की नंतर सांगायची हिंमतच झाली नाही."

आप्पांनी चहा खाली ठेवला.

"म्हंजी हवालदारचा शेवट आपल्या दोघांतबी कोनीच बघितला न्हाई?"

"कोणीच नाही. टीव्हीवर लागला की मीबी बंद करायचो. आज तू बघितलास. कसा होता खरा?"

आप्पांनी कप परत उचलला.

"बाद," म्हणाले. "डोस्क्यावर पोतं पडलं अन् मेला. तुझा चांगला हुता."

दोघं इतके हसले की टपरीवाल्यानं वळून बघितलं. हसता हसता आप्पांचे डोळे भरून आले. ते पुसायचं सोडून ते तसेच बसले, कारण समोरच्याला दिसणार नव्हतं, आणि माझी लाज त्यांनी कधी बाळगलीच नाही.

"वर्सभर आलो न्हाई म्या," आप्पा म्हणाले. "पिक्चरबी सोडला. अर्धा बघून करायचं काय एकट्यानं? उरलेला सांगनार कोन?"

गुरुजींनी हात पुढे करून आप्पांचा गुडघा शोधला आणि त्यावर थाप मारली.

"अरे, मला भिंतीआडून पिक्चर बघायची सवय जुनी आहे. नुसता कान लावायचा. आता शेजारी सांगणारा बसला तर चैनच की. पण पोटाचं खोटं नको सांगूस. त्याचा दम लागलेला मला ऐकू येत होता."

आम्ही परतीची वाट धरली. लोहा गेलं. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. एका शेतात तोड झालेल्या रानातून नवे कोंब वर आले होते. मला राहवलं नाही.

"मग, आप्पा, निकाल काय? उशिरा आलेला दुसरा भाग बघावा की बघू नये?"

"भिकार पिक्चर हाय, सर. पैसे वाया. कुनालाबी बघा म्हनू नका." आप्पा काचेबाहेर त्या कोंबांकडे बघत होते. "पुढच्या सोमवारी क्लास किती वाजता सुटतो तुमचा?"

"का?"

"प्रल्हादला परत दाखवायचाय. घाईत पोटाचं खोटं सांगितलं गेलं, ते नीट करून सांगतो."